पहिली फुल मॅरेथॉन पळायची आहे? पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत काय काय करायचं ते सांगते

मी डोंबिवलीची, नोकरी फोर्टात, म्हणजे रोजचे तीन तास लोकलमध्ये जातात. शाळेत असताना कधी खेळात नव्हते. चाळिशीला आल्यावर पळायला लागले, दोन हाफ मॅरेथॉन (साधारण २१ किलोमीटरच्या) केल्या आणि २१ जानेवारी २०२४ ला मुंबई मॅरेथॉनची फुल, म्हणजे पूर्ण ४२.१९५ किलोमीटर, ५ तास १२ मिनिटांत पूर्ण केली. तेव्हापासून बिल्डिंगमधल्या, ऑफिसातल्या, गाडीतल्या बायका विचारतात की नक्की कसं केलंस, कुठून सुरुवात करू, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. पुरुषांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

आधी एक गोष्ट. नुकतंच पळायला लागला असाल तर यंदा फुल नको, यंदा १० किलोमीटर करा, पुढच्या वर्षी हाफ, मग फुल. हे मी घाबरवायला म्हणत नाहीये. छाती आणि दम तीन-चार महिन्यांत तयार होतात पण गुडघे, घोटे, नडगीचं हाड, टाचेमागची शीर यांना भार सोसायची सवय व्हायला खूप जास्त वेळ लागतो, आणि दम आहे म्हणून पळत सुटलेली माणसंच नेमकी जायबंदी होतात. माझ्या वेळी फुलच्या अर्जाला आधीच्या रेसचं टायमिंग सर्टिफिकेटही लागलं होतं, तेव्हा नोंदणीचे नियम पावसाळ्यातच वाचून ठेवा. चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात बीपी, शुगर, हार्टचा इतिहास असेल तर डॉक्टरांना दाखवून, ईसीजी वगैरे काढूनच सुरुवात करा, यात चालढकल नको.

हळू पळायला शिका, हेच सगळ्यात कठीण आहे

माझी पहिली हाफ मी घालवली ती पहिल्या पाच किलोमीटरमध्ये. सगळे पुढे जातायत, आपणही जातोय, पाय हलके वाटतायत, सहा-सव्वासहा मिनिटांचा पेस (म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ) पडतोय आणि मी खूश. पंधराव्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की रस्त्याच्या कडेला बसून पाय धरून रडायची वेळ आली. शेवटचे सहा किलोमीटर चालत गेले.

त्यानंतर एका सिनियर काकांनी मला जे सांगितलं तेच मी आता सगळ्यांना सांगते, की पळताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणून बघ. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, असं शेवटपर्यंत मध्ये धाप न लागता म्हणता आलं तर पेस बरोबर, दोन-दोन आकड्यांना श्वास घ्यावा लागला तर तुम्ही जोरात पळताय, कमी करा. घड्याळ, हार्ट रेट सगळं नंतर, पाढा आधी. आठवड्यातलं जवळजवळ सगळं पळणं याच पेसला झालं पाहिजे. सुरुवातीला लाज वाटते, कारण कडेने चालणारे आजोबाही आपल्याबरोबरीने येतायत असं वाटतं, पण अशा पळण्यानेच शरीर चरबी जाळायला शिकतं, आणि फुलमध्ये शेवटी तीच उपयोगी पडते. (ते कसं ते खाण्याबद्दल सांगताना येईलच.)

आठवडा कसा लावायचा

माझा असा होता. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ६ ते १० किलोमीटर इझी, म्हणजे पाढ्याच्या पेसला, बुधवारी घरीच अर्धा तास व्यायाम, शनिवारी पूर्ण आराम आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं. मधला शुक्रवार जमेल तसा, कधी ५ किलोमीटर, कधी काहीच नाही. नोकरी, डबे, मुलांच्या परीक्षा यात चार दिवस पळायला मिळाले तरी पुष्कळ झाले, त्यावर अपराधी वाटून घेऊ नका. पण रविवार चुकवायचा नाही.

लाँग रन ऑगस्टच्या शेवटी १४ किलोमीटरला सुरू केली, मग १६, मग १८, आणि चौथ्या रविवारी खाली येऊन १२. मग पुन्हा २०, २२, २४ आणि खाली १६. असं तीन पायऱ्या वर आणि एक खाली. ही खाली यायची पायरी लोक गाळतात, बरं वाटतंय मग कशाला कमी करू म्हणतात, पण हाडं-स्नायू त्याच आठवड्यात भरून निघतात, ती गाळू नका. दिवाळीत फराळ आणि पाहुणे यात एक आठवडा पूर्ण गेला, काही बिघडलं नाही. फक्त राहिलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात कोंबायचे नाहीत, गेले ते गेले.

शेवटची मोठी रन रेसच्या बरोबर तीन आठवडे आधी. माझी ती नेमकी ३१ डिसेंबरला पहाटे आली, ३० किलोमीटर, जवळजवळ चार तास लागले. तिथून पुढे कमी कमी करत जायचं, याला टेपर म्हणतात, २०, मग १२, मग रेस. ट्रेनिंगमध्ये पूर्ण ४२ कधीच पळायचे नाहीत, त्यातून सावरायलाच तीन आठवडे जातात. टेपरच्या दिवसांत उगाच कुठे काहीतरी दुखायला लागतं, आपण सगळं विसरलो असं वाटतं, रात्री झोप येत नाही, हे सगळ्यांना होतं.

कुठे पळायचं? आम्ही आठवड्यात ठाकुर्लीचा ९० फूट रोड, आणि महिन्यातून दोन रविवार पहिली गाडी पकडून ठाणे, उपवन तलावापासून वर येऊरपर्यंत. चढाची सवय मुद्दाम केली कारण माझ्या वेळी मुंबईच्या रूटवर पेडर रोडचा चढ परतताना लागायचा, पस्तीस किलोमीटर होऊन गेल्यावर, तेव्हा तुमचा रूट कुठला असेल तो आधी बघा आणि तसाच रस्ता घराजवळ शोधा. साताऱ्याची हिल हाफ करणारे तर यवतेश्वरचा घाट डोळ्यासमोर ठेवूनच सराव करतात.

पावसात पळायला हरकत नाही, पण पाणी साचलेल्या ठिकाणी पाय टाकायचा नाही, खाली खड्डा आहे की उघडं गटार ते दिसत नाही. ओले बूट आतून वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, दोन तासांनी कागद बदलायचे, सकाळपर्यंत वाळतात. आणि ऑक्टोबर हीटमध्ये पेस आपोआप पडतो, किलोमीटरमागे वीस-तीस सेकंद सहज. हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही, हृदयाला जास्त काम पडतं. तेव्हा आपण मागे पडलो असं समजू नका, पाढा म्हणत राहा, डिसेंबरच्या थंडीत तोच पेस परत येतो, तोही कमी कष्टात.

बायकांसाठी खास

पहाटे साडेचारला अंधारात एकटीने पळू नका. दोघी-तिघी जमवा, नाही जमल्या तर माझा नवरा जसा सायकलवर पाण्याच्या बाटल्या घेऊन बरोबर यायचा तसं घरातल्या कुणाला तरी उठवा. कानात इअरफोन नको, मागून काय येतंय ते ऐकू आलं पाहिजे.

स्पोर्ट्स ब्रा चांगलीच घ्या, बुटांइतकीच महत्त्वाची आहे. खालची पट्टी आणि शिवण जिथे काचते तिथे लाँग रनच्या आधी व्हॅसलीन, काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूलाही. एकदा मी विसरले होते, २२ किलोमीटरनंतर अंघोळीचं पाणी अंगावर पडलं तेव्हा ओरडलेच. (पुरुषांच्या छातीवर कपडा घासून रक्त येतं, त्यांनी तिथे टेप लावायची.)

आणि हिमोग्लोबिन तपासा, कृपा करून तपासा. ऑक्टोबरमध्ये मला तीन आठवडे इतका थकवा होता की जिना चढताना धाप लागायची, मला वाटलं ट्रेनिंगचा शीण असेल, ऑफिसचा असेल. शेवटी रक्त तपासलं तर ९.८. बाईचं १२ च्या वर पाहिजे. रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायलाच कमी, मग पळणार काय? डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं की गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि आगेमागे तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. मी आयुष्यभर जेवणावर चहा प्यायलेली बाई, ते बंद केलं. डिसेंबरपर्यंत ११ च्या वर आलं आणि पळण्यात जो फरक पडला तो कुठल्याही बुटाने पडला नसता. आपल्याकडे कितीतरी बायका हा थकवा वयाचा, घरकामाचा म्हणून अंगावर काढतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाळीच्या दिवसांतही एखादी लाँग रन करून बघा, रेस त्याच दिवशी आली तर काय चालतं काय नाही ते माहीत पाहिजे.

बूट

संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पळताना घालता तेच मोजे घेऊन जा. अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. एका दुकानात मला मशीनवर उभं करून, स्क्रीनवर पायाचे रंगीत ठसे दाखवून भलतेच महाग बूट दिले, मी थोडे घट्ट वाटतायत म्हटलं तर सैल होतील म्हणाले. सैल झाले नाहीत. २४ किलोमीटरच्या रनला दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि महिन्याभरात गळून गेली. मग अर्धा नंबर मोठे, साधे, मऊ घेतले, त्यातच रेस केली. साधारण ६०० ते ८०० किलोमीटरनंतर बुटाचा मऊ तळ दबून बसतो, तेव्हा बदलायचे, आणि रेसला कोरे बूट अजिबात नाही, ८०-१०० किलोमीटर तरी झालेले हवेत.

खाणंपिणं, इथे जास्त वेळ द्या

हिशोब सोपा आहे. पळताना किलोला किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी लागते. माझं वजन ६२, म्हणजे ४२ किलोमीटरला २६०० च्या आसपास. अंगात साठवलेली साखर, म्हणजे स्नायूत आणि यकृतात असते ती, दीड ते दोन हजार कॅलरीची. बाकी चरबीतून येतं, पण चरबी सावकाश जळते, जोरात पळालात तर शरीर साखरच मागतं आणि ती तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला संपते. पाय शिसाचे होतात, डोकं चालत नाही, रडू येतं. याला पळणारे वॉल लागली म्हणतात. त्यावर उपाय दोनच, सुरुवात हळू करायची आणि भूक लागायच्या आधीच खात राहायचं.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, म्हणजे कर्बोदकं, पोटात गेले पाहिजेत. बाजारातल्या जेलमध्ये (पाकिटात मिळणारा साखरेचा घट्ट पाक) साधारण २०-२५ ग्रॅम असतात. मला जेलची चव सहन होत नाही, मळमळतं, म्हणून मी बिया काढलेले खजूर किंचित मीठ लावून छोट्या पिशवीत नेते, शिवाय राजगिऱ्याची चिक्की आणि दोन जेल शेवटच्या टप्प्यासाठी. दर पाऊण तासाला काहीतरी, घड्याळाचा गजर लावून. काहींना उकडलेला बटाटा मीठ लावून चालतो. काय चालतं ते लाँग रनमध्येच शोधायचं, रेसच्या दिवशी नवीन काहीही तोंडात टाकायचं नाही.

पाणी तहानेप्रमाणे. पाणी कमी पडलं तर त्रास होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम कमी होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं, हे फार जणांना माहीत नसतं. म्हणून रूटवरच्या एका पाण्याच्या स्टेशनवर पाणी, पुढच्या स्टेशनवर इलेक्ट्रोलाइट (क्षारांचं पेय) किंवा ओआरएस. आणि रेसच्या आधी किंवा मध्ये दुखण्याची गोळी घेऊ नका, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो.

रेसच्या आधीचे दोन-तीन दिवस भात, पोहे, बटाटा, साबुदाणा वाढवायचा आणि तेलकट, तिखट, कडधान्यं, कच्ची कोशिंबीर कमी करायची. आदल्या दिवशी संध्याकाळी सातला मी दहीभात खाल्ला आणि झोपले, म्हणजे आडवी झाले, झोप कुठली येतेय. ती नाही आली तरी चालतं, त्याच्या आदल्या रात्रीची झोप पूर्ण करून ठेवा.

रेसचा दिवस

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आधीच एक्स्पोमधून (रेसच्या आधी नंबर वाटतात त्या ठिकाणाहून) आणायचा असतो, रेसच्या दिवशी मिळत नाही. रात्रीच टीशर्टला चार पिनांनी लावून ठेवा, वेळ मोजणारी चिप त्यावरच असते, तो दुमडायचा नाही.

पहाटे दोनला उठले. सासूबाई माझ्याआधी उठून नाचणीची आंबील करत होत्या, सगळ्या लाँग रनच्या आधी मी तीच प्यायचे, ती आणि एक केळं. रेल्वे त्या दिवशी कल्याणहून पहाटे तीनच्या सुमारास स्पेशल लोकल सोडते. त्या गाडीचं दृश्य मी विसरणार नाही, रोज जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे सगळे बिब लावलेले, कुणी व्हॅसलीन चोळतंय, कुणी डबा उघडून इडली खातंय, अनोळखी बायका एकमेकींच्या पिना नीट करून देतायत. सीएसएमटीला उतरून आझाद मैदान. तिथे पोचल्या पोचल्या आधी टॉयलेटच्या रांगेत उभे राहा, मग बाकी सगळं.

पाचला सुटतं, पुढचा रूट माझ्या वेळचा, २०२४ चा. पहिले दहा किलोमीटर तुम्हाला लाज वाटेल इतके हळू पळा. मरीन ड्राइव्हला शेकडो लोक तुम्हाला मागे टाकून जातील, जाऊ द्या. पेडर रोड पहिल्यांदा अंधारात, गार हवेत लागतो, चढ आहे असं वाटतही नाही, त्यावर विसंबू नका. मग हाजी अली, वरळी आणि सी-लिंक. एरवी तिथे चालायला बंदी असते. लोक नाहीत, वाजवणारे नाहीत, फक्त शेकडो बुटांचा आवाज आणि वारा. मी तिथे असताना उजाडायला लागलं. तिथे फोटोसाठी थांबायचं असेल तर थांबा, पण दर पाऊण तासाचं खाणं विसरू नका, तिथेच बरेच जण विसरतात.

वांद्र्याहून वळून माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी. इथे लोक दुतर्फा उभे असतात, मुलं हात पुढे करतात, ढोल-ताशे असतात, आणि इथेच अंगात येऊन पेस वाढतो. वाढवू नका. मी पाढा म्हणत होते.

तरी मला तेहतिसाव्या किलोमीटरला वॉल लागलीच. ऊन वर आलेलं, मांड्या दगड झालेल्या, आणि डोक्यात एकच की हाजी अलीवरून टॅक्सी पकडावी. तेव्हा शेजारी साठीचे एक काका चालत होते, म्हणाले, "ताई, पूर्ण रस्त्याकडे बघू नका. दिव्याचे खांब मोजा. तीन खांब पळायचं, एक खांब चालायचं." तसंच केलं. आख्खा पेडर रोड आम्ही तीन खांब पळून एक खांब चालून चढलो, ते मोठ्याने मोजायचे, एक, दोन, तीन, चला. वर एक आजी खुर्चीवर बसून मांडीवर स्टीलचा डबा घेऊन संत्र्याच्या फोडी वाटत होत्या, प्रत्येक फोड सोललेली, बी काढलेली, वर मीठ. नवीन काही खायचं नाही म्हणून मीच वर लिहिलंय, पण ती फोड मी घेतली. तेव्हा तुमचाही खांबांचा हिशोब आधीपासून ठरवून ठेवा, चालण्यात कमीपणा काहीच नाही, थकून कोलमडल्यावर चालण्यापेक्षा ठरवून चाललेलं कितीतरी जलद पोचवतं.

एक मात्र नीट ओळखा. दोन्ही मांड्या भरून येणं, तळवे जळणं हे चालतं. पण एकाच जागी सुरी खुपसल्यासारखी कळ, छातीत दुखणं, चक्कर, ऊन असून अंगावर काटा येणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि मेडिकलवाल्यांना हाक मारायची.

शेवटचा मरीन ड्राइव्ह संपता संपत नाही. समुद्राकडे बघू नका, समोरच्याच्या पाठीकडे बघा.

पोचल्यावर

लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, नाहीतर रक्त पायात उतरून चक्कर येते. मेडल घ्या, कोरडा टीशर्ट घाला, मिठाचं ताक किंवा ओआरएस घोट घोट, अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी खा. मला नवऱ्याने डब्यात आणलेला मऊ खिमट भात गेला, बाकी काही उतरलंच नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय सगळ्यात जास्त दुखतात. चढताना काही वाटत नाही, उतरताना जीव जातो, मी डोंबिवली स्टेशनचा जिना दोन दिवस कठडा धरून उलटी उतरले. शक्य असेल तर सोमवारची सुट्टी आधीच टाका. आठवडाभर पळायचं नाही, फक्त चालायचं, भरपूर झोपायचं, डाळ, अंडी, दूध वाढवायचं. मग पुढच्या रविवारी बूट घाला आणि घड्याळ घरी ठेवून चाळीस मिनिटं पळून या.